मजुरी वाढली की गावाकडे जाणारा पैसा वाढतो का?

एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीचा प्रश्न माझ्यापर्यंत आला. मुंबईत काम करणारे बाहेरगावचे कामगार घरी किती पैसे पाठवतात, हे कोणत्या आर्थिक गोष्टींवर ठरतं? मजुरी वाढली तर त्याच प्रमाणात ही रक्कम वाढते असं धरून चालायचं का? आणि रुपया घसरला की आखातातून जास्त पैसे येतात, हे खरं का?

मी ३१ वर्षं बँकेत काढली. सुरुवातीची बरीच वर्षं परळ-लालबागच्या पट्ट्यात, मग ११ वर्षं परकीय चलनाच्या खात्यात, आणि निवृत्त होईपर्यंतची शेवटची वर्षं साकीनाक्याच्या बाजूला. त्या शेवटच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत सगळी रांग पैसे पाठवणाऱ्यांचीच असायची. खिडकीच्या आतून जे दिसलं त्याच्या जोरावर सांगते.

मजुरी वाढली की पैसे वाढतात, पण त्याच प्रमाणात नाही आणि लगेच तर नाहीच. रक्कम ठरते ती मुंबईत राहून-खाऊन हातात काय उरतं यावर, आणि त्याहीपेक्षा पुढच्या महिन्यात काम मिळणार याची खात्री किती आहे यावर. अभ्यासात पहिली गोष्ट थोडीफार येते, दुसरी बहुतेक वेळा सुटते.

भोकरदनकडचा एक सेंटरिंग कारागीर, म्हणजे स्लॅबसाठी साचा बांधणारा, आमच्या शाखेत यायचा. त्याच्याकडे एक छोटी डायरी होती आणि तिच्यात तो सगळा हिशोब लिहायचा. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, ९०० रुपये, महिन्याला सरासरी २२ हजेऱ्या, म्हणजे १९,८००. सहा जणांत मिळून ९,००० भाड्याची खोली, त्याचा वाटा १,५००. लाइट-पाण्याचे २००. खाणावळीचे दोन्ही वेळचे ३,६००. चहा-नाश्ता १,२००. बस-ट्रेन ६००, मोबाइल ३००, औषधपाणी, साबण, दाढी, कधीतरी चप्पल असं धरून ९००. एकूण खर्च ८,३००. उरले ११,५००, त्यातले १०,००० घरी जायचे.

पुढे हजेरी १,००० झाली. महिन्याची कमाई २,२०० रुपयांनी वाढली. त्याच सुमारास खाणावळवाल्या ताईंनी दर ४,२०० केला, खोलीचं भाडं ११,००० झालं. वाढीतले ९०० च्या वर रुपये मुंबईनेच परत घेतले. तरी हजार-बाराशे जास्त उरत होते. मग घरी ११,००० जायला हवे होते ना? आठ महिने तो १०,०००च पाठवत राहिला. मी विचारलं तेव्हा त्याने डायरीतलं आदल्या वर्षाच्या जुलैचं पान काढून दाखवलं. पावसात स्लॅबची कामं थांबली होती आणि महिन्यात १२ हजेऱ्या भरल्या होत्या. खोली आणि खाणावळ मात्र पूर्ण महिन्याची. "मॅडम, घरी आकडा एकदा वाढवला की खाली आणता येत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य तुमच्या वहीत लिहून ठेवा असं मला मनापासून वाटतं. घरी जाणारी रक्कम ही एक कबुली असते, घराला दिलेला शब्द. त्या आकड्यावर घरातलं किराणा दुकानाचं खातं, मुलांची शिकवणी, बचतगटाचा हप्ता हे सगळं बसलेलं असतं. म्हणून माणूस ती वाढवताना फार सावध असतो, आणि कमी करायची वेळ आली तर आधी स्वतःचा नाश्ता बंद करतो. कमाई थोडी हलली तरी रक्कम हलत नाही. कमाई फारच खचली तर मात्र ती एकदम शून्यावर येते. आलेख काढलात तर सरळ रेघ मिळणार नाही, पायऱ्या मिळतील.

खात्रीचं म्हणणं मला पहिल्यांदा कळलं ते घरातच. माझे वडील गुहागर तालुक्यातून आले आणि परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात लागले. पहिली काही वर्षं ते बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर खोलीवर परत. दिवसाची मजुरी कायम कामगाराच्या जवळपासच, पण आजीला जाणारी मनीऑर्डर कधी ४० रुपयांची, कधी नाहीच. कायम झाल्यावर ती दर महिन्याला जायला लागली आणि मोठीही झाली. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक चिंचोळी जागा असे. वडील त्यात दर वेळी एकच ओळ लिहायचे, 'पैसे मिळाल्याचे कळवावे.' आजीच्या अंगठ्याची पोच परत आली की ती पत्र्याच्या डब्यात पडायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, त्यातले कितीतरी कोकणातले आणि घाटावरचे. पहिले दोन-तीन महिने लोकांनी बायकोचं किडुकमिडुक विकून, उसनं काढून गावी पैसे धाडले. मग ते बंद झाले आणि उलटा प्रवाह सुरू झाला. त्या वर्षी आमच्याकडे गावाहून तांदळाची गोणी यायची. पुढे माणसंच गावी परत गेली. टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिल-मे महिन्यात, मी शाखेत बसून तेच पुन्हा पाहिलं. बीड-जालन्याच्या खात्यांतून मुंबईच्या खात्यांत पाचशे-हजार रुपये येत होते, पोरांना खायला.

नियमित कामाचा फरक आजही बघायचा असेल तर वाशीच्या बाजार समितीतला ओझी वाहणारा माथाडी आणि रोजच्या कामासाठी कळव्याच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर यांची तुलना करा. माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे, मंडळ आहे. टोळीचं काम मंडळाकडे नोंदवलं जातं, मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस आहे. पाटण-जावळीकडचा माथाडी दिवाळीच्या बोनसवर गावाकडच्या घराचं छप्पर बदलायचं ठरवू शकतो. नाक्यावरच्या माणसाला संध्याकाळपर्यंतचंच दिसतं. एखाद्या महिन्यात दोघांची कमाई सारखी झाली तरी दोघांचं पाठवणं सारखं होत नाही.

बांधकामातली आणखी एक पद्धत लक्षात घ्या, खर्ची. ठेकेदार आठवड्याला जेवण्याखाण्यापुरते पैसे देतो आणि बाकीची मजुरी स्वतःकडे ठेवतो. हिशोब होतो काम संपल्यावर किंवा सणाला गावी निघताना. अशा कामगाराच्या बँक खात्यात चार महिने काहीच दिसत नाही, मग एकदम ४०-५० हजार. तो दर महिन्याला पैसे पाठवत नाही म्हणून तो घराची काळजी घेत नाही, असा निष्कर्ष मी एका अहवालात वाचला होता आणि मला फार वाईट वाटलं होतं. त्याचा पैसा त्याच्या हातातच नसतो. आणि हिशोबाच्या दिवशी ठेकेदाराने हात वर केले, तर चार महिन्यांचं पाठवणं बुडतं. मी अशी माणसं पाहिली आहेत, दिवाळीच्या तोंडावर शून्य शिल्लक असलेलं पासबुक भरून घ्यायला आलेली.

भाड्याबद्दल थोडं. मुंबईत कोण किती पाठवू शकतो यात सगळ्यात मोठा फरक पाडणारा खर्च भाडं हाच आहे. कारखान्यातच शिलाई मशीनच्या बाजूला झोपणारा, साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा, सोसायटीच्या केबिनमध्ये पथारी टाकणारा वॉचमन, यांचा पगार कमी असतो आणि तरी ते पगाराच्या मानाने खूप जास्त पाठवतात. बायको-मुलं आणून खोली घेतलेला रिक्षावाला त्यांच्या दीडपट-दुप्पट कमावतो आणि आईवडिलांना दोन-तीन हजार धाडतो. कुटुंब मुंबईत आलं की गावाकडचा नियमित पैसा एकदम खाली येतो. ते प्रेम आटल्याचं लक्षण समजू नका. खाणारी तोंडं इकडे आली, एवढंच. आणि असा माणूस पुढेही मोठ्या खर्चाला उभा राहतो. बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, घराची दुरुस्ती, या वेळी तो कर्ज काढून पाठवतो.

आता पलीकडची बाजू, घरची गरज. लुकास आणि स्टार्क या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये बोट्स्वानाबद्दल लिहिलं होतं की दुष्काळात ज्या घरांची गुरं धोक्यात होती, त्यांना शहरातल्या माणसाकडून जास्त पैसे येत होते. आमच्या खिडकीवर हे दर वर्षी दिसायचं. जूनमध्ये पेरणीला बी-खतासाठी, नापिकी झाली तर ऑक्टोबरमध्ये, कोकणातल्यांचं गणपतीला आणि शिमग्याला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून बराच कमी मिळत होता. त्या वर्षी दिवाळीला मराठवाड्यातल्या घरांत मुंबईहून गेलेला पैसा सणाला किती लागला आणि कृषी केंद्राच्या उधारीला किती, हे त्या घरांना विचारा. मुंबईतल्या मजुरीत काहीच बदल नसताना रक्कम वाढते ती अशी. शेतमालाचा भाव हे मुंबईच्या मजुराच्या पासबुकातलं एक मोठं कारण आहे आणि ते मुंबईतल्या कुठल्याच आकड्यात सापडत नाही.

उधारी म्हणजे खासगी सावकाराची असेल तर तिचं व्याज महिन्याला शेकडा तीन ते पाच. ५०,००० वर महिन्याला २,००० च्या आसपास नुसतं व्याज. पाठवलेल्या दहातले दोन हजार घरात पोचण्याआधीच गेलेले असतात. कर्ज आहे तोवर माणूस ताणून पाठवतो. फिटलं की रक्कम कमी होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं परिस्थिती बिघडली. प्रत्यक्षात ती सुधारलेली असते.

आखाताकडे वळते, कारण तुमचा तिसरा प्रश्न माझ्या ११ वर्षांच्या कामाचा आहे. रायगडमधलं म्हसळा-श्रीवर्धन, रत्नागिरीचा किनारा, इथली कितीतरी घरं तिकडच्या पगारावर उभी आहेत. अमिरातीचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलरला ३.६७२५ दिरहम. सौदीचा रियाल ३.७५ ला. त्यामुळे डॉलर चढला की दिरहम आपोआप चढतो, तिकडच्या पगाराची पावती मात्र तीच राहते.

मे २०१३ मध्ये डॉलर ५५ च्या आसपास होता, म्हणजे दिरहम १५ रुपये. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर गेला, दिरहम साडेअठराच्या पुढे. त्या आठवड्यात आमच्या टेबलावरचे फोन थांबत नव्हते. शारजात वेल्डर असलेला म्हसळ्याचा एक जण दर महिन्याला घरी १५,००० रुपये पाठवायचा. मेमध्ये त्याला त्यासाठी १,००० दिरहम लागले, ऑगस्टअखेर ८०० पुरले. त्याने घरचे १५,०००च ठेवले आणि सुटलेले २०० दिरहम तिकडेच बाजूला टाकत गेला. दुसरा एक सुपरवायझर होता, घरी रोजची निकड नव्हती. त्याने साठवलेले २०,००० दिरहम एका फटक्यात आणले. तीन महिन्यांपूर्वी त्याचे ३ लाख झाले असते, आता पावणेचार लाखांच्या जवळ. तिसरा प्रकार वाट बघणाऱ्यांचा, रुपया अजून घसरेल म्हणून पैसे रोखून धरणारे. तेव्हा रुपया घसरला की किती पैसे येतील, हे तो पैसा कशासाठी आहे यावर ठरतं. घरखर्चाचा पैसा दराकडे फारसा बघत नाही. जमीन, घर, मुदत ठेव यांचा पैसा दरावरच हलतो.

आणि दरापेक्षा मोठी गोष्ट पुन्हा तीच, काम. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल १०० डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली आलं. मधल्या काळात रुपया साधारण ६० वरून ६७ ला गेला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या फायद्याचा दर. तरी जागतिक बँकेच्या आकड्यांत भारतात आलेला पैसा २०१४ च्या ७० अब्ज डॉलरवरून २०१६ ला ६३ अब्जांच्या खाली उतरला. तेलाचा पैसा आटून तिकडची बांधकामं थांबली होती, पगार तीन-तीन महिने रखडत होते. चांगला दर न आलेल्या पगाराला लागू होत नाही.

उलट उदाहरण २०२० चं. त्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने भारतात येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात तो आदल्या वर्षाइतकाच, ८३ अब्ज डॉलरच्या घरात राहिला. लोकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढला, परत निघालेल्यांनी शेवटचा हिशोब घरी धाडला, आणि विमानं बंद असल्याने खिशातून येणारी रोकड आणि हवालाचा काही पैसा बँकेच्या वाटेवर आला. म्हणून बँकेत नोंदलेली वाढ म्हणजे खरी वाढ, असं दर वेळी धरू नका.

तसंच परदेशातून येणाऱ्या पैशातला महाराष्ट्राचा वाटा रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दिलेला असतो, तो जपून वापरा. २०१६-१७ ला तो १६.७ टक्के होता, २०२०-२१ ला ३५.२ आणि २०२३-२४ ला २०.५. यात सॉफ्टवेअरवाल्याने अमेरिकेहून मुंबईच्या खात्यात टाकलेला पैसाही आहे. २०२३-२४ ला अमेरिकेहून आलेल्या पैशाचा वाटा सगळ्यात मोठा होता, २७.७ टक्के. या आकड्यावरून श्रीवर्धनच्या घराबद्दल काहीही बोलता येत नाही.

आखातात जाणाऱ्याचं पहिलं वर्ष वेगळं मोजा. नोंदणीकृत एजंटला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात लाख-दीड लाख मोजून गेलेली मुलं मी पाहिली आहेत, दागिने गहाण ठेवून. पहिलं वर्षभर येणारा पैसा सोनाराकडे जातो. घराला त्याची चव दुसऱ्या वर्षी लागते.

राहिला पाठवण्याचा खर्च. मनीऑर्डरच्या शेवटच्या काळात शंभरामागे पाच रुपये जायचे. मग गल्लीतल्या दुकानातून रोख भरून पाठवायची सोय आली, एका वेळी ५,००० ची मर्यादा, साधारण शेकडा एक रुपया घ्यायचे. १०,००० पाठवायला दोन व्यवहार, शंभर रुपये. नोव्हेंबर २०२४ पासून त्यातही पडताळणी कडक झाली. आता ज्याचं खातं आणि स्मार्टफोन आहे त्याला यूपीआयवर काहीच खर्च नाही, आणि त्याने पाठवण्याची रीतच बदलली. पूर्वी महिन्याला एकदा १०,००० जायचे. आता ६,००० एकदा, मग गॅसला ९००, शाळेच्या सहलीला ५००, दवाखान्यात बसूनच बायकोने पाठवलेल्या क्यूआर कोडवर ७००. एका वेळची रक्कम घटली म्हणून पैसा घटला असं समजू नका, महिन्याची बेरीज करा. मात्र जिथे गावात बँक नाही आणि घरातली बाई ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा देऊन पैसे काढते, तिथे दर हजारामागे दहा-वीस रुपये कापून घेतले जातात. मुंबईच्या टोकाला फुकट असलेली वाट गावाच्या टोकाला फुकट नसते. परदेशातून पाठवताना शुल्कापेक्षा दरात जास्त कापलं जातं, म्हणून 'शून्य शुल्क' अशी पाटी दिसली तरी हातात किती रुपये पडले तेच विचारा.

तुम्ही मुलाखती घ्यायला जाणार आहात असं लिहिलं आहे. तर "महिन्याला किती पाठवता" या प्रश्नाने सुरुवात करू नका, प्रत्येक जण त्याचा कबुलीचा आकडा सांगेल. मागच्या बारा महिन्यांत किती हजेऱ्या भरल्या ते महिनावार विचारा. खोलीत किती जण झोपतात, खाणावळीचा दर शेवटचा कधी वाढला, ठेकेदाराकडे किती अडकले आहेत, घरी कोणाचं देणं आहे, हे विचारा. मग जुलैचं विचारा. नाक्यावर सकाळी आठच्या आत जा, नऊनंतर तिथे उरलेल्यांना त्या दिवशी काम मिळालेलं नसतं. आणि त्यांच्याशीही बोला, ते बोलायला मोकळे असतात.